जशी आहे तशी

गणपती गेले आणि ऊन तापायला लागलं, तेव्हा दादूच्या हाताला काम नव्हतं. पवईच्या ज्या कंपनीत तो साहेबांची गाडी चालवायचा, ती पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडली होती. हिशेबाचे पैसे मिळाले होते, ते बँकेत होते. माहुलच्या बिल्डिंगीत सहाव्या मजल्यावरच्या खोलीत दादू दिवसभर खिडकीशी बसायचा. खालच्या रस्त्यानं टँकर जायचे. टँकरनं चढावर गिअर बदलला की वर बसल्या जागी दादूचा डावा पाय क्लच असल्यासारखा दाबला जायचा.

नंदा ते बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. ती चेंबूरला दोन घरी पोळीभाजी करायची. लिफ्ट बंद असली की दर मजल्यावर थांबून गुडघे चोळत वर यायची.

मिथुन, त्यांचा मुलगा, बाइकवरनं पार्सलं पोचवायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, "बाबा, असं किती दिवस बसणार? स्वतःची टॅक्सी घ्या ना. सेकंडहँड. ॲपवर लावा. ना मालकाची कटकट, ना कुणाचं ऐकून घ्यायचं."

"स्वतःची," दादू म्हणाला आणि भाकरी मोडत राहिला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली.

जुन्या गाड्यांचं म्हटल्यावर प्रबुद्धचंच नाव निघालं. घाटकोपरला नाल्याकाठी त्यांची जुनी वस्ती होती, तिथं तो भिंतीला भिंत लावून राहायचा. त्याची आई गेली तेव्हा तो आठवीत होता, आणि वर्षभर त्याचं ताट नंदाकडंच असायचं. वस्ती तुटली, दादूला माहुलची खोली मिळाली, प्रबुद्ध कुर्ल्याला मामाकडं गेला. आता तिथंच पुलाखाली तो जुन्या गाड्या विकायचा.

"अण्णाला बरोबर घेऊ," नंदा म्हणाली. अण्णाचं वाशीनाक्याला गॅरेज होतं. "त्याला गाडीतलं कळतं."

"मला कळत नाय? तीस वर्षं काय बैलगाडी हाकली?"

"तुम्हाला चालवायचं कळतं. आतलं त्याला कळतं."

"नंदे, प्रबुद्ध घरचा पोरगा. त्याच्या दारात मेकॅनिक घेऊन जायचं म्हणजे तुझ्यावर विश्वास नाय असं तोंडावर सांगायचं. त्याला काय वाटंल?"

नंदानं पुन्हा विषय काढला नाही.

प्रबुद्धनं त्यांना लांबूनच बघितलं आणि धावत आला. "जयभीम काका! काकू, उन्हात कशाला आलात, मी गाडी घेऊन घरी आलो असतो ना." त्यानं स्वतःची खुर्ची नंदाला दिली, पोऱ्याला पाठवून थंडा मागवला. पुलाच्या सावलीत पाच-सहा गाड्या दाटीनं उभ्या होत्या. शेवटची पांढरी, टॅक्सीच्या पिवळ्या नंबरपाटीची. सीटना नवी कोरी कव्हरं, आरशाला लिंबाच्या वासाची बाटली टांगलेली.

"एकाच हातातली गाडी आहे काका. ड्रायव्हर गावी गेला कायमचा. आज संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, मी म्हटलं आधी काकांना दाखवतो."

किल्ली अर्धी फिरली तोच गाडी सुरू झाली. दादूनं प्रबुद्धला शेजारी आणि नंदाला मागं बसवून ती नाक्यापर्यंत नेली, वळवली, परत आणली. स्टेअरिंगवर त्याचे हात कसे हलके झाले, ते मागच्या सीटवरनं नंदाला दिसलं. कितीतरी दिवसांनी त्याची मान ताठ होती.

"वास कसला येतोय रे?" तिनं विचारलं.

"नव्या कव्हरचा, काकू."

तिनं पुन्हा हुंगलं. लिंबाच्या वासाखाली काहीतरी होतं. ओलं, जुनं. पण माहुलच्या हवेत राहून नाकाचं काही खरं राहिलं नव्हतं. तिच्या पदरालाच रिफायनरीचा वास असायचा, चेंबूरच्या बाई तसं बोलूनही दाखवायच्या.

"अपघात बिपघात काय झाला नाय ना?" दादूनं उतरताना विचारलं.

"काका," प्रबुद्धनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्हाला देईन का मी तसली गाडी?"

दादूला ते पुरलं. बँकेतले जवळजवळ सगळे पैसे त्या आठवड्यात गेले.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. दादू पहाटे उठायचा, बादली घेऊन खाली जायचा, गाडी पुसायचा. डॅशबोर्डवर त्यानं बाबासाहेबांचा छोटा फोटो चिकटवला होता. अंधेरीला विमानतळावर गिऱ्हाईक सोडायचं, तिथनं मुलुंड, तिथनं बोरीवली, मिळेल तिथं. एकानं विचारलं, "गाडी मालिक की है?" दादूनं आरशात बघून सांगितलं, "अपनी है." घरी येऊन ते त्यानं नंदाला दोनदा सांगितलं.

मग ऑक्टोबरचं ऊन चढलं आणि गाडीला वास मारायला लागला. दुपारी गाडी बंद करून जेवायला बसावं आणि परत दार उघडावं तर आतनं कुबट वाफ अंगावर यायची. गिऱ्हाइकं बसली की आधी काच खाली करायची. काच अर्ध्यावर अडकायची. एक बाई नाकाला ओढणी लावून साकीनाक्यापर्यंत आली आणि मधेच उतरली. "अंकल, कुछ मर गया है क्या गाडी में?" दादू "सॉरी मॅडम" म्हणाला. त्यानं लिंबाची दुसरी बाटली आणली, कापूर ठेवला, कोळशाची पुरचुंडी ठेवली. ॲपवर लोक वाईट शेरे मारायला लागले. मिथुन ते वाचायचा आणि बापाला वाचून दाखवायचा नाही.

एका दुपारी विमानतळाला जाणारं जोडपं घेऊन दादू घाटकोपरहून निघाला. असल्फ्याच्या चढावर गाडीनं एक हिसका दिला आणि ती मेली. मागं बसवाल्यानं हॉर्न दिला. दादूनं किल्ली फिरवली. इंजिन उठलं नाही, पण वायपर आपोआप फिरायला लागले, कोरड्या काचेवर खरडत. आणि मग गाडीचा स्वतःचाच हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना. दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. कोणीतरी हसलं.

"ऐसी गाडी लेके निकलते क्यों हो?" मागच्या सीटवरचा माणूस ओरडला. "हमारी फ्लाइट है!"

दादूनं त्यांच्या बॅगा उतरवल्या, रिक्षा थांबवली, बॅगा रिक्षात चढवून दिल्या. माणूस शिव्या देतच बसला. दादूनं बोनेट उघडलं. हॉर्नची वायर त्यानं नुसत्या हातानं ओढून तोडली तेव्हा तापलेल्या लोखंडाला मनगट लागलं आणि कातडी सोलून निघाली. हॉर्न थांबला. तो तसाच बोनेटला टेकून उभा राहिला. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला त्याचा हात उठत नव्हता.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून अण्णाच्या गॅरेजमध्ये आणली. अण्णानं कामाला हात घातला. ड्रायव्हरची सीट खोलून बाहेर ठेवली, मग गाडीचं कारपेट कडेनं धरून वर ओढलं. ते निघताना चिकट आवाज झाला. खाली काळा गाळ होता, वरनं सुकलेला, बोटभर खाली अजून ओला. त्यात वेफर्सची पिशवी, एक चमचा आणि कुजलेली पानं होती.

नंदा डबा घेऊन आली होती. ती वाकली, गाळ बोटावर घेतला आणि नाकाशी नेला.

"नाल्याचा," ती म्हणाली.

घाटकोपरच्या घरात दर पावसाळ्याला नाला शिरायचा. पाणी उतरल्यावर हाच गाळ तिनं उलथन्यानं खरवडून काढलेला होता, गरोदर असताना काढला होता, ताप अंगात असताना काढला होता. कुर्ल्याला त्या पुलाखाली तिच्या नाकानं तो ओळखला होता आणि तिनं नाकाचं ऐकलं नव्हतं.

"सीटपर्यंत बुडालेली आहे," अण्णा म्हणाला. "सगळं वायरिंग सडलंय. एक जोडलं की दुसरं जाणार. दादू, घ्यायच्या आधी मला हाक मारली असतीस."

दादूनं नंदाकडं बघितलं. ती डब्याचं झाकण लावत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं कुर्ल्याला गेली. प्रबुद्ध जागेवरच होता. त्यानं ओळखलं कशाला आलीत ते. आधी खुर्ची पुढं केली. नंदा बसली नाही.

"तुला माहीत होतं?" दादूनं विचारलं.

"काका, मला पण पुढच्यानं तशीच दिली. मी कमिशनवाला माणूस. गाडी माझी नसते."

"तुला माहीत होतं का, ते सांग."

प्रबुद्ध पुलाच्या खांबाकडं बघायला लागला. "जुलैत इथं किती गाड्या पाण्यात गेल्या, बघितलं ना तुम्ही? त्या सगळ्या कुठं गेल्या असतील? सगळ्या रस्त्यावरच आहेत काका. जुनी गाडी जशी आहे तशी घ्यायची असते. बघून घ्यायची असते. तुम्ही मेकॅनिक का नाही आणला?"

शेजारच्या गाडीवाल्यानं तोंड फिरवून हसू लपवलं.

दादूचा हात वर गेला. प्रबुद्ध हलला नाही, मार चुकवायचा प्रयत्नही त्यानं केला नाही. नंदानं दादूचा हात धरून खाली आणला.

"वर्षभर जेवलास रे माझ्याकडं," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतो काकू," प्रबुद्ध हळू आवाजात म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "पैसे माझ्याकडं नाहीत. असते तर दिले असते. थंडी पडली की वास दबतो. तेव्हा विकून टाका. उन्हाळा येऊ देऊ नका."

थंडा आला. पिऊन जा, असं तो म्हणत राहिला. ती दोघं रस्ता ओलांडून बस स्टॉपवर जाऊन उभी राहिली, तेव्हाही तो बाटल्या हातात धरून उभा होता.

मग मिथुनसकट तिघांनी गाडी ओढून घरी आणली आणि धुवायला काढली. सीटा सोडवून बिल्डिंगीच्या आवारात उन्हात मांडल्या. नंदा चेंबूरहून आली की पदर खोचून गाडीत शिरायची आणि उलथन्यानं फटीफटीतला गाळ काढायची. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ती गाडीच्या तळाशी आडवी पडून काम करायची. पत्र्यानं तिची बोटं कापली. त्या बोटांनी कणीक मळता येईना, तेव्हा चेंबूरच्या एका बाईनं तिला सुट्टी घ्यायला सांगितलं आणि मग दुसरीच बाई ठेवली; पुढं दुसऱ्या घरचंही काम सुटलं. बिल्डिंगीचा सेक्रेटरी येऊन म्हणाला, आवारात घाण करू नका, आधीच इथं काय कमी वास आहे का. दादूनं सीटा परत गाडीत घातल्या, ओल्याच.

अण्णानं उधारीवर जेवढं जोडायचं तेवढं जोडलं. गाडी चालायची, परत थांबायची. पवईत थांबली, मुलुंडच्या चेकनाक्याला थांबली. एका सकाळी ॲप उघडलं तर दादूचं खातं बंद झालेलं. मिथुननं फोन लावून पाहिला. पलीकडनं एक गोड आवाज पुन्हा पुन्हा तेच वाक्य बोलत होता.

"विकायची," मिथुन म्हणाला. "थंडी पडलीय. मी फोटो टाकलेत."

"सांगून विकायची," दादू म्हणाला.

"काय सांगून?"

"काय आहे ते."

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मिथुनचा आवाज चढला. "माझं लग्न पुढं ढकललंय मी. आई घरी बसलीय. आता तुम्ही सत्य बोलणार?"

नंदा भिंतीला टेकून बसली होती. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही.

गाडी बघायला बोरीवलीहून खंडू आला. तिशीतला, बारीक अंगाचा, धुतलेला शर्ट घालून. नॅशनल पार्कच्या बाजूला भाड्यानं राहायचा आणि दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा. बरोबर त्याची बायको होती, दर्शना. तिला सातवा महिना होता. तिनं गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघितलं, सीटवर हात फिरवला, पोटावर पदर घेतला आणि नवऱ्याकडं बघून हसली.

मिथुन किल्ली घेऊन पुढं झाला. "घ्या, चालवून बघा."

"थांब," दादू म्हणाला. "खंडू, ही गाडी पाण्यात होती. सीटपर्यंत. मला फसवून विकली. वायरिंग गेलेलं आहे. मधेच बंद पडते. वास मारते, उन्हाळ्यात बसवत नाय."

मिथुननं किल्ली बोनेटवर आपटली आणि तो चालता झाला.

खंडूचं तोंड उतरलं. तो गाडीभोवती फिरला, टायरला पाय लावला, परत आला. दर्शना सीटवरनं उतरली नव्हती. मग ती उतरली आणि दोघं बाजूला जाऊन बराच वेळ बोलत राहिली. दादूला वाटलं, आता ही जातील. जाऊ देत. निदान एक तरी घर वाचलं.

खंडू आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं. मग किंमत कमी करा."

"अरे, घेऊ नको म्हणून सांगतोय मी."

"चांगली गाडी मला परवडत नाही, काका. आणि मालक रोजचा हप्ता घेतो, गाडी चालो न चालो. ही माझी तरी असेल. माझा मेव्हणा वायरिंगचंच काम करतो." तो थांबला. "तिच्या बाळंतपणाआधी स्वतःची गाडी हवी, असं तिच्या घरच्यांना सांगितलंय मी."

नंदा दर्शनाजवळ गेली. "बाई, नको घेऊ. माझं ऐक. मी आडवी पडून गाळ काढलाय हिच्यातला."

"आमचं कोण ऐकतं, काकू," दर्शना म्हणाली. "यांनी ठरवलंय."

दादूनं गाडी दिली. घेतली होती त्याच्या निम्म्यालाही नाही. खंडू ती घेऊन आवाराबाहेर गेला तेव्हा दादूच्या छातीवरचं ओझं उतरलं. मिळालेल्या पैशांत आधी अण्णाची उधारी भागवली. मिथुन त्यानंतर दोन शब्दांच्या वर बापाशी बोलायचा नाही. पुढं त्यानं विक्रोळीला मित्रांबरोबर खोली घेतली. सणाला यायचा, जेवायचा, जायचा.

दादूला घाटकोपरच्या एका मोठ्या सोसायटीत गाड्या धुवायचं काम लागलं. सकाळी लवकर जायचं, बादली, नळी, फडकी, साबणाची डबी घ्यायची आणि ओळीनं सुरुवात करायची. चालवायच्या नाहीत, नुसत्या पुसायच्या. पाण्यानं त्याच्या बोटांच्या बेचक्या सडल्या. नंदा रात्री तिथं खोबरेल लावायची.

ऊन परत तापायला लागलं होतं. तो एका हातात नळी धरून एका काळ्या गाडीचं टप पुसत होता तेव्हा फोन वाजला.

"काका, मी खंडू. ओळखलंत ना?"

"बोल."

"मुलगी झाली."

"चांगलं झालं."

"गाडी विकतोय, काका." पलीकडं बाळ रडत होतं आणि दर्शना त्याला थोपटत काहीतरी म्हणत होती. "उभीच आहे दोन महिने. मेव्हण्यानं हात टेकले. पार्टी आलीय, नालासोपाऱ्याची. त्यांना जुन्या मालकाशी बोलायचंय. एवढंच विचारतील, पाण्यात होती का. तुम्ही नाही म्हणा."

"खरं सांग त्यांना. मी तुला सांगितलं तसं."

"तुम्हाला परवडलं सांगायला," खंडू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "सांगूनसुद्धा मी घेतली म्हणून परवडलं. माझी कोण घेणार, काका? मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. एक शब्द नाही बोललो. आज पहिल्यांदा मागतोय."

दादूच्या हातातल्या नळीचं पाणी जमिनीवर वाहत होतं. वॉचमन लांबूनच ओरडला, "ओ, पाणी बंद करा!"

"काका?"

"दे," दादू म्हणाला.

फोन दुसऱ्या हातात गेला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, सावकाश बोलणारा. "नमस्कार. तुम्हाला त्रास देतोय. जावयाला गाडी घेऊन देतोय हो, त्याची नोकरी गेलीय. आम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही आधीचे मालक, म्हटलं तुम्हालाच विचारावं. गाडी कधी पाण्यात बिण्यात नव्हती ना?"

दादूनं नळ बंद केला. ओल्या हातानं फोन निसटत होता, तो त्यानं दोन्ही हातांनी धरला.

"नव्हती," तो म्हणाला.

"तेवढंच हो. आता जिवाला शांती झाली. तुमचं कल्याण होवो."

दादूनं फोन खिशात ठेवला. काळ्या गाडीची चाकं राहिली होती, ती धुतली. पुढच्या दोन गाड्या धुतल्या. मग त्या काळ्या गाडीकडं परत जाऊन तिचं टप पुन्हा एकदा पुसलं, कोरडं होतं तरी.

घरी पोचायला त्याला दुपार उलटली. नंदा ताट झाकून बसली होती.

"आज उशीर केलात?"

"एक गाडी जास्तीची होती," दादू म्हणाला आणि हात धुवायला मोरीत गेला.